कराडच्या पडद्यावरचा डोंगर

इंदूताई सबनीसांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ओणव्या होत्या. यिशुनच्या तलावाकाठी, सकाळच्या वेळी, पाय फाकवून उभ्या, कमरेत वाकलेल्या आणि डोकं दोन्ही गुडघ्यांच्या मधून मागे काढलेलं. पन्नाशी उलटलेली बाई, अंगात खादीचा कुडता, वेणीचं टोक गवताला टेकलेलं. मागून सायकलवाले जात होते, पळणारे जात होते, आणि सिंगापुरी लोकांच्या सवयीप्रमाणे सगळे काही दिसलंच नाही असं दाखवत होते.

श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "त्यांना चक्कर आलेली दिसते. बघू या का?"

मी म्हटलं, "चक्कर कसली, बाई वेडी आहे."

तर त्या दोन गुडघ्यांमधून स्वच्छ मराठीत उत्तर आलं, "वेडी आहेच. पण तुम्ही दोघं जरा बाजूला व्हा की. माझा अंधार अडवलात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. परदेशात आपली भाषा कुणाला कळत नाही या भरवशावर आपण काय काय बोलत असतो, आणि एक दिवस असा फटका बसतो. त्या सरळ झाल्या. चेहरा लालबुंद झालेला, पण ओठांवर हसू. म्हणाल्या, "रागावले नाही हो. उलटं बघितलं ना, की ओळखीचं काही उरत नाही. झाड झाड राहत नाही, पाणी पाणी राहत नाही. नुसता उजेड कुठं आणि काळोख कुठं, एवढंच दिसतं. बघा एकदा."

मी बघितलं नाही. पुण्याची आहे मी, चारचौघांत ओणवं होणं मला जमायचं नाही. श्रीकांतने मात्र तिथल्या तिथे वाकून बघितलं आणि "अरेच्चा!" म्हणाला. त्या क्षणापासून तो त्यांच्या बाजूचा झाला.

पुढे कळलं की त्या हौगांगला आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या वर चार मजले राहतात. एका बँकेत हिशेबतपासणीच्या मोठ्या अधिकारी. ऑफिसात त्यांचा दरारा असा की त्या लिफ्टमध्ये शिरल्या की माणसं फोनमध्ये तोंड खुपसत. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारणाऱ्याला त्या "राहून गेलं" एवढंच सांगत, तेही एखादा किराणा आणायचा राहून गेल्यासारखं. पंचवीसेक वर्षं सिंगापुरात काढूनही बोलण्यातला कराडचा "की" गेला नव्हता. "बस की", "खा की", "सांग की". आता त्या हौगांगला नाहीत, कराडला परत गेल्या. त्यांच्या दारापुढे आता दुसऱ्याच कुणाच्या चपला असतात, आणि लिफ्ट त्या मजल्यावर थांबली की मला अजून चुकल्यासारखं होतं.

बाजाराला जाणाऱ्या इथल्या बायका दोन चाकांची कापडी ट्रॉली ओढत नेतात ना, तशी एक इंदूताईंकडे होती. तिच्यात कोबी नसायचा, लाकडी कॅमेरा असायचा. मोठा, घडीचा, भात्यासारखा पुढे ताणायचा, मागे दुधी काच. फोटो काढायचा म्हणजे डोक्यावरून काळं कापड घेऊन आत शिरायचं. आत त्या काचेवर समोरचा देखावा दिसतो तो खाली डोकं वर पाय, आणि डावं उजवीकडे. एका फोटोला एक मोठी फिल्म. एवढा सगळा खटाटोप करून त्या दिवसाला एखादाच फोटो काढायच्या, आणि पुष्कळदा तोही नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो ताई, माझा मोबाईल तेवढ्या वेळात दोनशे काढेल." तर म्हणाल्या, "काढेल की. बघणार कोण?"

त्यांच्यासमोर "सुंदर" म्हणायची सोय नव्हती. तलावावर धुकं आलंय, सूर्य वर येतोय, आणि आपण बोलून गेलो "किती सुंदर!", की लगेच, "ते ठरवायला वेळ आहे. आधी काय आहे ते सांग." मग सांगत बसा: डावीकडे तीन झाडं आहेत, मधलं वाकलंय, पाण्याची कड काळी आहे. शाळेत उभं करून विचारल्यासारखं व्हायचं. पण खरं सांगते, असं सांगता सांगता दिसायला लागायचं. एवढी वर्षं मी त्या तलावावर चालायला जात होते, मधलं झाड वाकलंय हे मला ठाऊक नव्हतं.

सिंगापुरातल्या जरा नव्या सरकारी फ्लॅटमध्ये एक खोली असते. जाड भिंतींची, लोखंडी दाराची, बिनखिडकीची. कधी काळी बॉम्ब पडलेच तर घरच्यांनी आत बसायचं. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिथे सुटकेसी, तांदळाचं पोतं आणि दिवाळीचा आकाशकंदील ठेवतात. इंदूताईंनी तिथे डार्करूम केली होती. आत लाल दिवा, ट्रे, बाटल्या, आणि फोटो मोठा करायचं एक जुनं उंच यंत्र. इथलं नळाचं पाणी कोमट, आणि फिल्म धुवायला पाणी लागतं गार. म्हणून त्या खालच्या हॉकर सेंटरमधून पिशवीभर बर्फ आणायच्या. कॉफीच्या ठेल्यावरचे म्हातारे अंकल दर वेळी विचारायचे, "आंटी, अगेन आइस? टुडे गॉट फिश, आह?" आणि इंदूताई गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "बिग फिश, अंकल." त्या अंकलना शेवटपर्यंत वाटत राहिलं की या बाई मासे विकतात.

आणि त्या घरात अण्णा होते.

अण्णा म्हणजे इंदूताईंचे वडील. नव्वदीला टेकलेले, सडपातळ, घरातसुद्धा इस्त्रीचा सदरा. कराडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. बायको गेली, स्टुडिओ बंद झाला, तेव्हा लेक त्यांना इकडे घेऊन आली. दुपारी ते खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत जाऊन बसत. तिथे त्यांच्याच वयाचे एक चिनी गृहस्थ येत. हे मराठीत बोलत, ते त्यांच्या भाषेत, आणि दोघांचं उत्तम जमायचं. "काय बोलता हो अण्णा त्यांच्याशी?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "तो त्याच्या गुडघ्यांचं सांगतो. मी माझ्या डोळ्यांचं."

अण्णांच्या डोळ्याच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. बघायला जावं त्याच ठिकाणी धुरकट डाग, आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. आपल्याशी बोलताना ते आपल्याकडे न बघता दाराकडे बघत, कारण तसं केल्यावरच आपण त्यांना दिसायचो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे कडेचंही फार दिवस राहणार नाही.

त्यांच्या स्टुडिओत एक पडदा होता. फोटो काढून घ्यायला आलेल्या माणसाच्या मागे सोडायचा, रंगवलेला. त्यावर एक मोठा काळा डोंगर, करवतीसारख्या कड्यांचा, शेजारी एक गोल टेकडी, खाली पाणी. कुणीतरी फिरता पेंटर कधीतरी अण्णांच्याही वडिलांना रंगवून देऊन गेला होता. अख्ख्या कराडने त्या डोंगरापुढे फोटो काढले. नवरा-नवरी, बारशाची बाळं, मॅट्रिक झालेली पोरं. गिऱ्हाइकाने विचारलं, "अण्णा, हे कुठलं?" तर अण्णा बेधडक सांगत, "काश्मीर." मला हे सांगताना ते लहान मुलासारखे हसले. "मला तरी काय माहीत? पण काश्मीर म्हटलं की बाई जरा ताठ उभी राहायची."

पडदा पुढे उंदरांनी खाल्ला. राहिला तो एका फोटोत. चार वर्षांची इंदू, मागे आई, त्यामागे तो डोंगर. हा फोटो इंदूताईंच्या ऑफिसातल्या टेबलावर असायचा. एक दिवस त्यांच्याकडे आलेला एक स्कॉटिश साहेब तो बघून थबकला. म्हणाला, हे तर आमच्याकडचं स्काय बेट! हे कडे मी लहानपणापासून बघतोय. मग जरा वेळ मान वाकडी करून म्हणाला, पण हा कुठून काढलाय ते लक्षात येत नाही.

इंदूताई त्या दिवशी ऑफिसातून लवकर घरी आल्या. असं कधी होत नसे. मी डबा द्यायला वर गेले होते, म्हणून मला दिसलं. चपलाही न काढता अण्णांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अण्णा, आपला डोंगर खरा आहे."

अण्णा खुर्चीत सरळ बसले. मग दाराकडे बघत म्हणाले, "खरा असेल तर मला बघायचाय."

आता आजकाल हे काय कठीण आहे? मी लगेच मोबाईल काढला, बेटाचे पन्नास फोटो शोधून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी माझा हात हळूच खाली केला. "नीलाबाई, यातलं मला दिसत नाही. आणि दिसलं तरी हे दुसऱ्यानं काढलंय. तो कुठं उभा होता मला काय माहीत? आपल्या डोंगराला ती टेकडी कशी खेटून बसलीय, पाणी कुठं वळतंय, तसं दिसतं ती जागा पाहिजे. इंदू तिथं उभी राहिली तर मी बघितल्यासारखं होईल."

झालं. त्या घरात दुसरा विषय उरला नाही. डोळे किती दिवस साथ देतील ते डॉक्टरही सांगत नव्हते. फोटो भिंतीएवढा करावा लागणार होता, नाहीतर अण्णांना दिसणारच नाही. आणि इंदूताईंचे गुडघे असे की मंडईतून घरी येईपर्यंत दोनदा बसावं लागे. त्या गुडघ्यांना डोंगराची सवय लागावी म्हणून त्या आमच्या ब्लॉकचे जिने चढू लागल्या. सिंगापुरात दुसरं चढायला आहे काय? पाठीवर कॅमेऱ्याच्या वजनाचे तांदूळ, हातात पाण्याची बाटली, आणि तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत. वाटेत भेटणारा प्रत्येक जण कळवळून सांगायचा, "आंटी, लिफ्ट इज वर्किंग, लाह!"

त्यांच्याबरोबर मी गेले, कारण कुणीतरी छत्री धरायला हवं होतं. श्रीकांतने अण्णांकडे राहायचं कबूल केलं. निघतानाच, चांगी विमानतळावर, पहिली लढाई झाली. फिल्मचा सीलबंद डबा इंदूताई एक्स-रेच्या यंत्रात घालू द्यायला तयार नाहीत, आणि तपासणारा मुलगा म्हणतो डबा उघडा. इंदूताई डब्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या. "यू ओपन, ऑल फिनिश." तो म्हणतो, "आंटी, नॉट ओपन, हाऊ टू चेक?" मागे रांग वाढतेय, मी शरमेने अर्धी झालेली. त्याचे वरिष्ठ आले, डबा फिरवून फिरवून बघितला, कसल्याशा कागदाने पुसून तपासला आणि परत दिला. इंदूताईंनी त्यांना वाकून नमस्कार केला, तोही असा की ते बिचारे दोन पावलं मागे सरले.

आणि मग ते बेट.

मी काही घरकोंबडी नाही. हिमालय लांबून का होईना बघितलाय. पण असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिथे झाड म्हणून नाही. एक गाडी जाईल एवढाच रस्ता, समोरून दुसरी आली की कुणीतरी मागे सरायचं आणि मेंढ्या मधेच बसलेल्या. दोन्ही बाजूंनी तांबूस गवताची ओली जमीन, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. आणि या सगळ्याच्या डोक्यावर ते कडे. काळे, ओले, तुटलेले. ढग त्यांच्यावर येऊन फाटत होते. गाडीतून उतरले आणि माझे हात आपोआप जोडले गेले. भीती वाटली खरं तर. एवढं मोठं काहीतरी माणसाशिवाय मजेत चाललेलं आहे, त्याला आपली काही गरजच नाही, असं वाटलं.

इंदूताई गाडीतून उतरल्या, आणि रस्त्याच्या मधोमध ओणव्या झाल्या. मेंढ्या बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. हातात तो जुना फोटो. त्यात मोठा डोंगर डावीकडे, गोल टेकडी उजवीकडे. आम्ही राहत होतो त्या बाजूने सगळं बरोबर याच्या विरुद्ध दिसायचं. मोठा उजवीकडे, टेकडी डावीकडे. इंदूताई म्हणाल्या, म्हणजे पेंटरने पलीकडच्या बाजूने बघितलंय. सोपं आहे, पलीकडे जायचं. सोपं! त्या चिखलातून, पाठीवर ते धूड घेऊन, त्या गुडघ्यांनी. वारा असा की छत्रीने मलाच उचललं असतं. पाऊस वरून पडत नव्हता, आडवा येत होता. संध्याकाळी परत आलो की घरमालकीण बाई विचारायच्या कुठे गेला होतात, आणि खिडकीबाहेर वादळ घोंघावत असताना म्हणायच्या, "आज हवा तशी बरी होती."

पलीकडून क्रम जमला, पण आकार जमेना. डोंगराचं करवती डोकं तिकडून बोथट दिसायचं. टेकडी खेटायचीच नाही. आज या ओढ्याकाठी, उद्या त्या खिंडीत. इंदूताई जागोजागी काळ्या कापडात शिरायच्या, बाहेर येऊन मान हलवायच्या, आणि आम्ही पुढे. कॅमेरा लावला, काढला. लावला, काढला. एकही फोटो घेतला नाही. मी एकदा रडकुंडीला येऊन म्हटलं, "ताई, कुठलातरी छानसा काढा ना! अण्णांना कुठे एवढं कळणार आहे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. नुसतं म्हणाल्या, "नीलू, त्यांना तेवढंच कळतं गं."

निघायचा दिवस जवळ आला. त्या सकाळी इंदूताई पलंगावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. पहिल्यांदाच त्यांचे खांदे पडलेले पाहिले मी. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली, तर खाईनात. म्हणाल्या, "फोटोची निगेटिव्ह आणलीय मी. त्या पाकिटात बघ. तिच्यात बारकावा जास्त दिसेल." मी निगेटिव्ह काढली, हाताएवढी मोठी फिल्म, आणि उजेडासाठी खिडकीच्या काचेवर धरली. मला काय माहीत तिला सरळ-उलटी बाजू असते.

"अगं, उलटी धरलीस..." त्या म्हणाल्या, आणि तिथेच थांबल्या.

खिडकीबाहेर ढग जरा वर गेले होते. निगेटिव्हमध्ये आकाश काळं, डोंगर पांढुरका, पण त्याचं करवती डोकं काचेपलीकडच्या खऱ्या डोक्याशी दातात दात बसावा तसं बसलं. टेकडी डावीकडे. जवळजवळ खेटलेली.

आम्ही दोघी किंचाळलो. घरमालकीण बाई धावत वर आल्या.

पडदाच उलटा होता! त्या पेंटरने कुठल्यातरी काचेच्या स्लाइडवरून, मागे दिवा लावून, कापडावर चित्र पाडून रंगवलं असणार, आणि स्लाइड घातली उलटी. सगळं जग उलटं करून बघणाऱ्या या बाईला लहानपणीचा पडदा तेवढा सरळ वाटत राहिला होता. मी हसत सुटले. इंदूताई हसल्या नाहीत. फोटो हातात घेऊन त्यांनी आईचा पदर तपासला. डाव्या खांद्यावर होता, म्हणजे फोटो सरळ छापलेला. "अण्णांना कसं सांगू?" त्या पुटपुटल्या.

ते मला कळायला जरा वेळ लागला. अण्णांनी मला एक गोष्ट पुष्कळदा सांगितली होती. तरुणपणी त्यांच्या हातून एका फौजदाराचा फोटो उलट्या बाजूने छापला गेला. लग्नाचा फोटो. गिऱ्हाईक फ्रेम घेऊन गेलं, आणि अण्णांच्या मागाहून ध्यानात आलं की सदऱ्याचा खिसा उजवीकडे आलाय. तसेच सायकलवरून फौजदाराच्या घरी गेले, पाहुणे जेवत असताना भिंतीवरची फ्रेम उतरवली, आणि दुसरा फोटो करून देईपर्यंत घरी जेवले नाहीत. "उलटा फोटो म्हणजे खोटा माणूस," ते म्हणायचे. "माझ्या हातून पुन्हा तसं झालं नाही." हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. या माणसाला जाऊन सांगायचं, की तुम्ही जन्मभर अख्खं गाव उलट्या डोंगरापुढे उभं केलंत?

आता जागा सापडायला वेळ लागला नाही. दुपारी गावाबाहेर एका ओढ्याच्या वळणावर इंदूताईंनी ट्रायपॉड रोवला. मी काळ्या कापडाच्या टोकावर बसले, नाहीतर ते समुद्रात गेलं असतं. दोन्ही हातांनी छत्री वाऱ्याच्या बाजूला धरली. डोंगर ढगात गडप. आम्ही बसून राहिलो. बोटं बधिर झाली, नाक वाहायला लागलं, पाऊस आला, गेला, परत आला. इंदूताई फोटो घ्यायचं बटण असलेली केबल हातात धरून तशाच.

मग ढग उचलला. कुणीतरी हाताने उचलावा तसा, खालून वर. आधी काळे पायथे, मग घळी, त्यांतून पांढरं पाणी लोंबतंय, मग ते डोकं. आणि डावीकडून उजेडाचा एक पट्टा तांबड्या गवतावरून धावत आला, टेकडीवर चढला आणि डोंगराला टेकून थांबला. "सुंदर" म्हणायची बंदी होती, पण म्हणावं असं वाटलंच नाही. तो शब्द तिथे पुरला नसता.

खट् झालं. फिल्म झाकली. इंदूताई कापडाबाहेर आल्या, कानटोपी काढली आणि भर वाऱ्यात पांढरे केस उडवत उभ्या राहिल्या. आवाज बसला होता. म्हणाल्या, "आहे गं. खरंच आहे."

परत आल्यावर लोखंडी दारामागच्या त्या खोलीत मोठा उद्योग झाला. फोटो भिंतीएवढा करायचा म्हणजे कागदाच्या उभ्या पट्ट्या छापून शेजारी शेजारी चिकटवायच्या. गॅलरीत झाडं लावायच्या लांबट कुंड्या मी आणून दिल्या, त्यात त्या पट्ट्या धुतल्या. बर्फ इतका लागला की कॉफीवाल्या अंकलनी अभिनंदन केलं. छापायला सुरुवात करताना मी निगेटिव्हकडे बघत म्हटलं, "ताई, उलटीच घाला. अण्णांना त्यांचा डोंगर दिसेल. त्यांना बरं वाटेल, कुणाला कळणार नाही. तुम्ही सरळ छापलात तर ओळखणारच नाहीत ते."

लाल उजेडात त्या निगेटिव्ह हातात घेऊन उभ्या राहिल्या. एकदा या बाजूने बघितली, एकदा त्या. मला वाटलं, ऐकलं माझं. मग त्यांनी ती यंत्रात घातली, दिवा लावला, आणि खाली पडलेल्या चित्रात टेकडी डावीकडे होती. सरळ. मी म्हटलं, "कठीण आहे बाई तुमचं." त्या म्हणाल्या, "हो ना." डोळे पुसले आणि कामाला लागल्या.

भिंतीवर सगळ्या पट्ट्या लागल्या तेव्हा श्रीकांत आणि मी सोफा बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला. हौगांगच्या त्या हॉलमध्ये जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभा राहिला. अण्णांना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं. त्यांनी मान तिरकी केली, खिडकीकडे तोंड वळवलं आणि डोळ्याच्या कडेने भिंत चाचपायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा मागे.

"मोठा आहे," ते म्हणाले. "फार मोठा आहे. पण इंदू, हा आपला नव्हे."

इंदूताई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. "आपलाच आहे अण्णा. पडदा उलटा होता."

बाहेर खालच्या मैदानात मुलं ओरडत होती. मला इंदूताईंचा इतका राग आला, की काय गरज होती, काय बिघडलं असतं!

"आईचा पदर बघितलास?" अण्णांनी विचारलं.

"बघितला. डाव्या खांद्यावर."

"म्हणजे छापण्यातली चूक नव्हे."

"नव्हे. तुमच्या हातची नव्हे."

अण्णा पुन्हा भिंतीकडे, म्हणजे खिडकीकडे बघत राहिले. ओठ हलत होते. "सगळं कराड," ते म्हणाले. "नवऱ्या, पोरंबाळं. तू. तुझी आई. सगळी उलट्या डोंगरापुढं उभी केली गं मी."

इंदूताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. अण्णांनी तो बाजूला केला आणि खुर्चीचे हात धरून उठायला लागले. श्रीकांत पुढे झाला, त्यालाही नको म्हणाले.

"कॅमेरा लाव," ते म्हणाले.

"कशाला अण्णा?"

"लाव की. आणि तू तिथं जाऊन उभी राहा. एक तरी सरळ येऊ दे."

इंदूताईंनी कॅमेरा लावला, फिल्म घातली आणि डोंगरापुढे जाऊन उभ्या राहिल्या. एवढी वर्षं फोटो काढणाऱ्या या बाईचा मोठेपणीचा एकही फोटो त्या घरात नव्हता. अण्णांनी काळं कापड डोक्यावर घेतलं. आत ते किती वेळ होते कोण जाणे, त्या कापडाखाली त्यांची मान हळूहळू या बाजूला, त्या बाजूला वळताना दिसत होती. बोटं मात्र एकदाही चाचपडली नाहीत. बाहेर आले तेव्हा आवाज निराळाच झाला होता, खणखणीत, गिऱ्हाइकाशी बोलायचा.

"हनुवटी जरा खाली. हं. खांदे सोड. माझ्याकडं बघ. उजेड कमी आहे, वेळ लागेल. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

आणि त्यांनी केबल दाबून धरली. इंदूताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गालांवरून हनुवटीवर, हनुवटीवरून कुडत्यावर. पण त्यांनी हात उचलला नाही की पापणी हलवली नाही. अण्णांनी अजून सांगितलं नव्हतं.